एकट्याने मिशन, चौघांत राडा : 'गोल्डनआय' आणि 'परफेक्ट डार्क'बद्दल कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर दर रविवारी दुपारी चार कंट्रोलर, एक टीव्ही आणि खाली अंथरलेली सतरंजी एवढ्यावर खेळ रंगतो. गेल्या दोन-तीन वर्षांत चुलतभावाचे मित्र, कॉलेजची पोरं, एकदा तर गल्लीतल्या एका मुलाचे वडील, असे बरेच जण तेच तेच प्रश्न घेऊन आले. दर वेळी जिन्यात उभं राहून उत्तरं देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढलं.

तुम्ही खेळता तो गेम नक्की कुठला? इतका जुना का?

'गोल्डनआय ००७', जेम्स बॉण्डचा शूटर, म्हणजे पात्राच्या नजरेतून बघत बंदूक चालवायचा गेम. ऑगस्ट १९९७ मध्ये निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर आला. इंग्लंडच्या रेअर या स्टुडिओने केला आणि मार्टिन हॉलिस त्याचे दिग्दर्शक होते. ज्या बॉण्डपटावरून तो बेतला, तो नोव्हेंबर १९९५ चा. म्हणजे सिनेमा येऊन पावणेदोन वर्षं झाल्यावर गेम आला, तरी ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. टीम छोटी होती आणि त्यातल्या बहुतेकांचा हा पहिलाच गेम. चौघांनी मिळून खेळायचा भाग तर अगदी शेवटच्या काही महिन्यांत, मुख्यतः स्टीव्ह एलिस या प्रोग्रामरने उभा केला. आज लोक याच भागासाठी तो गेम आठवतात.

हक्कांच्या गुंत्यामुळे तो कित्येक वर्षं अडकून पडला होता. २७ जानेवारी २०२३ ला एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विच या दोन्हींवर परत आला. त्याच स्टुडिओचा 'परफेक्ट डार्क' २००० सालचा. तोही गुप्तहेराचाच, पण नायिका जोआना डार्क आणि कथा भविष्यातली. ते भविष्य म्हणजे २०२३, जे आपण आता मागे टाकलंय.

कोल्हापुरात बसून खेळायचं तर काय काय लागेल?

निन्टेन्डो ६४ आपल्याकडे कुणाच्या घरी मी पाहिला नाही. आपलं बालपण पिवळ्या कॅसेटच्या टीव्ही गेमवर गेलं आणि पुढे सायबर कॅफेत. त्यामुळे जुनं यंत्र शोधत फिरू नका. एक्सबॉक्स वन किंवा सिरीज एस, एक्स यांपैकी काहीही चालेल. गेम पास या एक्सबॉक्सच्या सदस्यत्वात गोल्डनआय खेळता येतो. शिवाय ज्यांनी 'रेअर रिप्ले' हा ३० गेमांचा संच डिजिटल घेतलाय, त्यांनाही तो मिळतो. डिजिटल हा शब्द नीट वाचा. त्या संचाची डिस्क तुमच्याकडे असेल तर तिच्यासोबत गोल्डनआय मिळत नाही, हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं. 'परफेक्ट डार्क' मात्र त्या ३० गेमांमध्येच आहे.

टीव्ही जेवढा मोठा तेवढं बरं, कारण चौघं खेळताना पडद्याचे चार तुकडे होतात. ३२ इंची टीव्हीवर प्रत्येकाच्या वाट्याला १६ इंच येतात. खेळता येतं, पण दूर उभा असलेला गार्ड मुंगीएवढा दिसतो. आम्ही ३२ इंचीवरच सुरुवात केली आणि सतरंजी टीव्हीच्या चार हात जवळ ओढली.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात. चार कंट्रोलर म्हणजे आठ सेल. चार्जिंगचे सेल घ्या आणि चार जास्तीचे ठेवा, नाहीतर ऐन रंगात एक गडी सेल आणायला दुकानात पळतो आणि बाकीचे तिघं त्याच्या पात्राला उभ्या उभ्या मारतात.

जुना कंट्रोलर घेताना एक काळजी घ्या. मी एका दुकानातून स्वस्तात एक घेतला. घरी आणून स्नायपर हातात घेतली आणि स्टिकवरून अंगठा काढला, तरी नजर हळूहळू डावीकडे सरकत राहिली. दुकानदार म्हणाला, 'वापरून वापरून बसेल.' बसला नाही. दुकानातच कुठलाही शूटर लावून बघा. दोन्ही अंगठे काढा आणि दहा आकडे मोजा. पडदा जागचा हलला तर पैसे देऊ नका.

नव्या शूटरवर माझा हात बसलाय. इथे मात्र दोन मिनिटांत मरतो. माझं काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. हात चुकत नाही, सवय चुकते.

आजकालच्या बहुतेक शूटरमध्ये गोळी लागली की भिंतीआड पाच सेकंद दडायचं, जीव आपोआप भरतो. गोल्डनआयमध्ये गेलेला जीव परत येत नाही. पॉज केलं की बॉण्ड मनगटावरचं घड्याळ वर करतो. त्यावर एका बाजूला जीव दिसतो, दुसऱ्या बाजूला चिलखत. चिलखत वाटेत सापडलं तर निळी बाजू भरते, पण जीवाची बाजू फक्त कमी होत जाते. मिशनच्या मध्ये चेकपॉइंटही नाही. शेवटच्या दारात मेलात की पुन्हा पहिल्या पायरीवर.

दुसरी गोष्ट आवाजाची. सुरुवातीला हातात सायलेन्सर लावलेलं पीपी७ असतं, सात गोळ्यांचं. पडलेल्या गार्डची केएफ७ उचलली की ३० गोळ्या मिळतात, म्हणून नवखा गडी लगेच तीच वापरायला लागतो. पण तिचा आवाज गार्डना ऐकू जातो. एकाला मारायला दहा गोळ्या झाडल्या की पलीकडच्या खोलीतले चौघं धावत येतात, आणि मग लोक म्हणतात की गेम अवघड आहे. शांतपणे एकेकाला गाठा. निशाणा धरायचं बटण दाबून ठेवा, नेम डोक्यावर न्या आणि एकच गोळी सोडा. गोळी हाताला लागली तर गार्ड हात धरतो, पायाला लागली तर लंगडतो. १९९७ साली हे पाहून लोक थक्क झाले होते, आणि मला आजही ते फार आवडतं.

तिसरी गोष्ट अलार्मची. एखादा गार्ड भिंतीकडे पळताना दिसला तर आधी त्याला आडवा करा. अलार्म वाजला की जादा माणसं येतात.

कंट्रोलरची मांडणी जुनी वाटत असेल तर सेटिंगमध्ये जा. नजर वर-खाली उलटी होत असेल तर तेही तिथेच बदलतं. त्यावर दहा मिनिटं घालवा, वाया जाणार नाहीत.

एजंट, सीक्रेट एजंट, ०० एजंट, अशा तीन पातळ्या आहेत. सुरुवात कुठून करू?

एजंटवरून. पण तिथे थांबू नका. असं का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगतो.

इतर गेममध्ये कठीण पातळी म्हणजे शत्रू जास्त चिवट आणि तुमचा जीव कमी. इथे तेवढं आहेच, शिवाय चिलखतही दुर्मीळ होतं. खरा फरक मात्र कामांच्या यादीत पडतो. पहिलंच मिशन घ्या, धरणाचं. एजंटवर एकच काम : धरणाच्या टोकापर्यंत पोहोचायचं आणि दोरी बांधून उडी मारायची. सरळ पळत गेलात तरी होतं. तेच मिशन सर्वांत वरच्या पातळीवर घेतलं की यादीत चार कामं येतात. सगळे अलार्म निकामी करायचे, एक मोडेम गुपचूप बसवायचं, डेटाचा बॅकअप हस्तगत करायचा आणि मग उडी. तेच धरण, तेच गार्ड, पण आधी ज्या खोल्यांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं त्या खोल्यांत आता शिरावं लागतं. पळत सुटलेला माणूस तिथे हेर होतो. गेमची खरी गंमत इथेच कळते, आणि अर्धे लोक एजंट पातळी संपवून 'झाला गेम' म्हणून निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धरणावरच एक सवय लावून घ्या. वाटेतल्या टेहळणीच्या मनोऱ्यावर स्नायपर रायफल ठेवलेली असते. ती उचला आणि लगेच खाली उतरू नका. दुर्बिणीतून पुढचा सगळा रस्ता बघून घ्या. कोण उभा आहे, कोण फिरतोय, कुलूप कुठे आहे. दारूगोळा वाचतो आणि नकाशा डोक्यात बसतो.

'फॅसिलिटी' या मिशनमधला डॉक्टर सापडतच नाही. कुठे असतो?

एका ठिकाणी नसतोच. वरच्या पातळीवर डॉक्टर डोक या दुहेरी हेराला भेटायचं असतं आणि दर वेळी तो वेगळ्या जागी उभा असतो. त्याचं नाव गेम बनवणाऱ्यांपैकीच डेव्हिड डोक यांच्यावरून ठेवलंय. पांढऱ्या कोटातला प्रत्येक जण तो नसतो, आणि निरपराध शास्त्रज्ञ जास्त मेले तर मिशन फसतं. त्यामुळे कोट दिसला की गोळी झाडायची नाही. जवळ जायचं आणि थांबायचं. तो डोक असेल तर बोलतो आणि दार उघडायचं यंत्र देतो.

हेच मिशन सर्वांत वरच्या पातळीवर २ मिनिटं ५ सेकंदांत संपवलं तर न मरण्याची चावी मिळते. गोल्डनआयमध्ये चीट टाइप करून मिळत नाहीत, ठरलेल्या वेळेत मिशन संपवून कमवावी लागतात. त्यातलं हे सगळ्यांत कुप्रसिद्ध. हात कितीही तयार असला तरी डोक लांब उभा असला की वेळ गेलीच. माझ्या धाकट्या बहिणीने यासाठी गणपतीच्या सुट्टीतल्या तीन दुपारी घालवल्या. छताजवळच्या पाइपमधून खाली संडासात उतरायचं, दोन गार्ड टिपायचे आणि पुढे पळायचं, हे तिने इतक्या वेळा केलं की आवाजावरूनच आम्हाला कळायचं ती कुठे पोहोचली. तिसऱ्या दुपारी डोक वाटेतच उभा सापडला. ती एक शब्द बोलली नाही. शेवटचं दार उघडेपर्यंत माडीवर कुणी श्वास सोडला नाही. २ मिनिटं १ सेकंद. खालून आई धावत आली, एवढा आरडाओरडा झाला.

अजून कुठे अडकायला होतं?

पुतळ्यांच्या बागेच्या मिशनमध्ये हातातली बंदूक खाली ठेवूनच पुढे जायचं, नाहीतर ज्याला भेटायचं त्याची भेट होत नाही. कंट्रोल सेंटरमध्ये बॉण्डची साथीदार नताल्या संगणकावर काम करत असताना तिला जपायचं असतं. तिच्या मागे पळू नका, गार्ड ज्या वाटांनी येतात त्या वाटा अडवा. रेल्वेच्या मिशनमध्ये घड्याळातल्या लेझरने फरशी कापून निसटायचं असतं. हे माहीत नसलं की माणूस डब्यात गोल गोल फिरत बसतो. १८ मुख्य मिशन आणि पुढे उघडणारी २ जादा, अशी एकूण २० आहेत. सगळी सर्वांत वरच्या पातळीवर झाली की शत्रूंचा जीव, नेम आणि चपळाई स्वतः ठरवायची सोय उघडते.

चौघांत खेळताना कुठले नियम लावता?

आधी पात्राचा नियम : ऑडजॉब बंद. तो बुटका आहे, त्यामुळे समोरच्याचा नेम त्याच्या डोक्यावरून जातो आणि दर वेळी खाली वाकून मारावं लागतं. हा डाव खोटाच, आणि बनवणाऱ्यांनीही पुढे तसं कबूल केलंय. पहिल्याच दिवशी सांगून टाका, नंतर सांगितलं की भांडण होतं.

खेळाच्या प्रकारांत आमचा पहिला पसंतीचा 'लायसन्स टू किल', म्हणजे एका गोळीत खेळ खलास. त्यात पिस्तूल लावलं की चारही जण कोपऱ्याकोपऱ्याने सरकतात आणि खोलीत शांतता पसरते. नवीन गडी असेल तर हा लावू नका, तो दर सेकंदाला मरून कंटाळतो. त्याच्यासाठी 'स्लॅपर्स ओन्ली' लावा. सगळ्यांचे हात रिकामे, फक्त चापट्या. कंट्रोलर पहिल्यांदा हातात धरलेला माणूसही त्यात गुण मिळवतो. 'लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये झेंडा ज्याच्याकडे असतो त्याला बंदूक चालवता येत नाही, नुसतं पळायचं. जास्त वेळ झेंडा सांभाळला तो जिंकला. सोनेरी पिस्तुलाच्या प्रकारात ते ज्याच्या हाती लागतं त्याच्यामागे तिघं लागतात.

सुरुंग लावायचे असतील तर 'कॉम्प्लेक्स' हा नकाशा घ्या. मजले, गॅलऱ्या, आडवाटा सगळं आहे. जवळ गेलं की फुटणारे सुरुंग निवडलेत तर पाच मिनिटांनी कुणी जागचं हलत नाही. आम्ही म्हणून ते रोज लावत नाही, महिन्यातून एकदा.

संघ करायचे असतील तर दोन-दोन करा. आमच्याकडे मंगळवार पेठेचे दोघं आणि शिवाजी पेठेचे दोघं अशीच जोडी पडते. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने ज्याने पाहिलेत, त्याला त्या दिवशी माडीवर काय आवाज असतो ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्याच्या पडद्याच्या तुकड्यात बघणं म्हणजे चीटिंग नाही का?

आमच्या माडीवर नाही. यावर मी बऱ्याच जणांशी वाद घातलाय आणि माझं मत बदललेलं नाही.

खासबागेत कुस्ती बघायला बसलात तर हजारो डोळे दोन्ही पैलवानांवर असतात. तिथे काही झाकलेलं नसतं, तरी ज्याला डाव टाकता येतो तोच टाकतो. चौघांचा पडदा तसाच आहे. समोरचा कुठल्या खोलीत आहे हे दिसतंय, पण ती खोली कुठली हे ओळखायला नकाशा पाठ असावा लागतो. मग समोरचाही शहाणा होतो. भिंतीकडे तोंड करून चालतो, जमिनीकडे बघत वळतो, म्हणजे त्याच्या तुकड्यात नुसती राखाडी फरशी दिसते. हे कुणी शिकवत नाही, तिसऱ्या-चौथ्या रविवारी आपोआप येतं. पुठ्ठा लावून पडदे वेगळे करणारे मी पाहिलेत. त्यांनी या खेळातला अर्धा डाव काढून टाकला.

आणि यामुळेच बघणाऱ्यालाही गंमत येते. आमची आजी दाराशी मेथी निवडत बसते. तिला गेममधलं काही माहीत नाही, पण वरचा उजवा तुकडा माझा हे पक्कं ठाऊक आहे. परवा मी दारामागे दबा धरून बसलो होतो. तिला खालच्या डाव्या तुकड्यात तेच दार पलीकडून दिसलं. 'अरे, आला बघ तो!' म्हणून ओरडली. मी वाचलो. चुलतभाऊ अजून म्हणतो, तो गुण आजीच्या नावावर लिहा.

माझा मित्र पुण्यात आहे. ऑनलाइन जमतं का?

एक्सबॉक्सवर गोल्डनआय ऑनलाइन खेळता येत नाही, सगळ्यांनी एका खोलीत बसावं लागतं. ऑनलाइनची सोय स्विचच्या आवृत्तीत आहे. एक्सबॉक्सवरच्या 'परफेक्ट डार्क'मध्ये दोघांनी ऑनलाइन मिशन खेळता येतात. मित्र दिवाळीला येणार असेल तर गोल्डनआय तेव्हासाठी ठेवा.

आम्ही दोघंच आहोत. नवरा-बायको खेळतो. दोघांत काय चांगलं?

'परफेक्ट डार्क', विचारही करू नका. गोल्डनआयची मिशन एकट्याचीच असतात. इथे संपूर्ण कथा दोघांनी मिळून खेळता येते. एकाने कॅमेऱ्याचं छोटं यंत्र पुढे सोडून खोली बघायची, दुसऱ्याने दार धरून उभं राहायचं. लॅपटॉप गन मिळाली की ती भिंतीला चिकटवा, ती स्वतःच पहारा देते.

याच गेममध्ये 'काउंटर-ऑपरेटिव्ह' म्हणून एक प्रकार आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. एक जण जोआना होतो आणि मिशन पूर्ण करायला निघतो. दुसरा होतो गार्ड. साधाच, कमी जीवाचा. तो मेला की पुढच्या गार्डच्या अंगात शिरतो. म्हणजे इतके दिवस जो गार्ड खुळ्यासारखा भिंतीकडे बघत उभा असायचा, तो आज तुमच्या घरातलाच माणूस आहे, आणि तुम्ही कुठल्या दारातून येणार हे त्याला पक्कं माहीत आहे. एकमेकांच्या सवयी ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्यात हा खेळ जास्त रंगतो.

माणसं कमी पडली तर 'सिम्युलंट' म्हणजे संगणकाचे गडी घेता येतात, आठपर्यंत. त्यांचे स्वभावही वेगवेगळे आहेत. व्हेंजसिम घेतला तर ज्याने त्याला शेवटचं मारलं त्याच्याच मागे तो लागतो. एकट्याने सराव करायचा तर ३० आव्हानं आहेत, ती क्रमाने घ्या.

कन्सोल नाही, पीसी आहे. मग?

'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' हा मोनोलिथचा २००० सालचा गेम या जातीतला उत्तम, केट आर्चर ही त्याची हेर, काळ १९६० च्या दशकाचा. पण हक्क कुणाचे यावर घोळ असल्याने तो दुकानात विकत मिळत नाही. जुनी डिस्क कुणाकडे असली तर नशीब समजा.

मुलगा बारा वर्षांचा आहे. खेळू द्यावं का?

अमेरिकेत गोल्डनआयला १३ वर्षांपुढचं वर्गीकरण आहे. 'परफेक्ट डार्क'ला १७ वर्षांपुढचं, त्यात रक्त जास्त आणि भाषाही मोठ्यांची. माझा पुतण्या बारा वर्षांचा आहे. त्याला मी फक्त चापट्यांचा प्रकार खेळू देतो, तोही सगळे बसलेले असताना. एकट्याला खोलीत कंट्रोलर देऊन दार लावू नका, शेजारी बसा. तासाभराने तो स्वतःच उठतो, कारण पाळी दुसऱ्याची असते.

डोकं गरगरतं. काय करू?

टीव्हीपासून लांब बसा, खोलीत दिवा लावा, अर्ध्या तासाने उठा. पोट रिकामं असलं की जास्त होतं. मळमळायला लागल्यावर रेटू नका, त्या दिवशी नुसतं बघा.

पहिल्या रविवारी नेमकं काय लावू?

आधी सगळ्यांनी मिळून धरणाचं मिशन, एजंट पातळीवर. एक जण मेला की कंट्रोलर पुढच्याकडे. बाकीच्यांनी डोळे व्हायचं : 'डावीकडे बघ, मनोऱ्यावर आहे एक.' बहुतेकांना तासाभरात उडी जमते. मग चापट्यांचा एक डाव, दहा मिनिटांचा, म्हणजे बटणं हातात बसतात. त्यानंतर साधं पिस्तूल, 'टेम्पल' नकाशा, तो मोकळा आहे म्हणून. एका गोळीचा खेळ दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. मिसळ खेळून झाल्यावर मागवा. आधी मागवलीत तर कटाचं तेल स्टिकला लागतं आणि ऐन नेम धरताना अंगठा घसरतो. आधीच आली असेल तर जिन्याखालच्या नळावर साबणाने हात धुवा आणि मगच कंट्रोलरला हात लावा.